मुलाचें मन आणि सांभाळणारे हात

मालवणच्या दांडीपासून देवबागच्या टोंकापर्यंत, जेथें कर्ली नदी समुद्राला मिळते तेथवर, माडांच्या सावलींत घरांची लांबच लांब ओळ पसरलेली आहे. ह्यांतील पुष्कळ घरांत कर्ता पुरुष एक तर समुद्रावर असतो किंवा चाकरीनिमित्त मुंबईस. आई पहांटे मासळीच्या लिलावाला किंवा दुसऱ्या कामाला जाते, आणि मूल वाढतें तें आजीच्या पदराला धरून. अशा घरांतील एखादें मूल अकस्मात् बोलेनासें झालें, रात्रीं दचकून उठूं लागलें, शाळेचें नांव काढतांच त्याच्या पोटांत दुखूं लागलें, किंवा क्षुल्लक कारणावरून भांडीं फेकूं लागलें, तर त्याच्याविषयीं तीन मतें ओसरीवर हमखास ऐकूं येतात. एक म्हणतो, ‘झील माजलो’. म्हणजे त्याला चोप हवा. दुसरा म्हणतो, ‘भायरचा कायतरी लागला’. म्हणजे देवाला कौल लावावयास हवा. तिसरा म्हणतो, ‘आवशीन लाडावल्यान’; म्हणजे सारा दोष आईचा.

हीं तिन्ही मतें परस्परांहून भिन्न दिसलीं, तरी त्यांचें मूळ एकच आहे. तिन्ही मतें अपराधी शोधतात. पहिल्यास तो मुलांत सांपडतो, दुसऱ्यास अदृश्य शक्तींत आणि तिसऱ्यास आईंत. बालमानसोपचाराच्या शास्त्रानें गेल्या सव्वाशे वर्षांत जें शिकविलें त्याचें सार असें, कीं अपराध्याचा हा शोधच उपचाराच्या आड येतो. उपचारकाचा प्रश्न निराळा असतो. ह्या मुलाच्या दिवसांतील सर्वांत अधिक घटका कोणाच्या सहवासांत जातात, आणि त्या व्यक्तीच्या हातून कोणता बदल घडूं शकेल, हें तो प्रथम पाहतो. आठवड्यांतून एक तास भेटणारा तज्ज्ञ कितीही कुशल असला, तरी उरलेले सारे तास मूल आईपाशीं, आजीपाशीं किंवा शिक्षकापाशीं असतें. उपचार टिकावयाचा तर तो ह्याच माणसांच्या हातून टिकला पाहिजे.

हें शास्त्र फार जुनें नाहीं. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें लाइटनर विटमर ह्या मानसशास्त्रज्ञानें १८९६ सालीं मुलांच्या अडचणींसाठीं पहिलें चिकित्सालय उघडलें. आपल्या देशांत असें पहिलें बालमार्गदर्शन केंद्र निघालें तें मुंबईस, १९३७ सालीं; सर दोराबजी टाटा यांच्या नांवें आदल्याच वर्षीं स्थापन झालेल्या समाजकार्याच्या विद्यालयानें तें चालविलें. तेंच विद्यालय पुढें टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. अशा केंद्रांची पद्धति ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेथें वैद्य मुलाची प्रकृति पाहतो, मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धि व भावना तपासतो, आणि तिसरा, म्हणजे समाजसेवक, मुलाच्या घरीं जातो. घर पाहिल्यावांचून मूल कळत नाहीं, ही गोष्ट त्या पहिल्या पिढीच्याही ध्यानांत आली होती. कोंकणांत रत्नागिरीचें मनोरुग्णालय तर १८८६ पासून आहे. परंतु तें प्रौढांच्या तीव्र आजारांसाठीं उभारलेलें, आणि मुलाला तेथें नेण्याच्या नुसत्या कल्पनेनेंच घरांतील माणसें घाबरत. म्हणून मुलांच्या लहानमोठ्या मानसिक व्यथा पुष्कळ काळ घरांतच दडून राहिल्या.

प्रथम भीतीचा विचार करूं. १९२४ सालीं न्यू यॉर्क येथें मेरी कव्हर जोन्स ह्या बाईंनीं एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुमारें तीन वर्षांचा एक मुलगा सशाला अतिशय भीत असे. बाईंनीं त्याची समजूत घातली नाहीं, कीं त्याला भित्रा म्हणून हिणविलें नाहीं. तो आवडीचा खाऊ खात असतांना पिंजऱ्यांतील ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यांत ठेवण्यांत येई. मुलगा स्वस्थ राहिला कीं पुढच्या खेपेस पिंजरा थोडा जवळ. ससा न भिणारीं दुसरीं मुलेंही त्याच्यासमवेत खेळत असत. असें होतां होतां एके दिवशीं तो मुलगा सशाला स्वतःच्या हातानें कुरवाळूं लागला. भय हें टप्प्याटप्प्यानें उतरतें, आणि प्रत्येक टप्प्यावर मुलाला सुरक्षित वाटलें तरच उतरतें, हें तत्त्व ह्या लहानशा प्रयोगांतून पुढें आलें. आजही भयाच्या उपचारांत त्याचें स्थान कायम आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर ह्या तत्त्वाचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते चक्रीवादळ ह्या किनाऱ्याजवळून गेलें. घरांचीं छपरें उडालीं, माड उन्मळले, कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. अशा रात्रीनंतर एखादें मूल वारा सुटला कीं कानांवर हात ठेवून कोपऱ्यांत बसूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं. अशा वेळीं ‘दर्यावर्द्याचा मुलगा आणि समुद्राला भितो?’ असें म्हणून त्याला बखोट धरून लाटांत उभें करणें हा उपचार नव्हे. त्यानें भय दुप्पट होतें. उलट, मुलाला समुद्राकडे फिरकूंच न देणें हाही उपचार नव्हे. कारण टाळलेली गोष्ट मनांत अधिकाधिक भयंकर होत जाते. मधला मार्ग पायऱ्यांचा आहे. प्रथम घरांत बसून त्या रात्रीची गोष्ट मुलाच्याच शब्दांत ऐकून घ्यावी किंवा त्याला तिचें चित्र काढूं द्यावें. मग ओसरीवरून समुद्र पाहावा. मग शांत हवेच्या दिवशीं भरतीच्या रेषेपर्यंत चालत जावें. मग वाळूवर ओढून ठेवलेल्या होडींत बसावें. एका पायरीवर मन निवळल्यावांचून दुसरी चढूं नये.

ह्या पायऱ्या मुलाबरोबर चढतो तो सांभाळणारा; आणि मूल प्रत्येक पायरीवर त्याच्या तोंडाकडे पाहत असतें. हें नुसतें म्हणणें नाहीं. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत एक वर्षाच्या मुलांना मजबूत कांचेच्या तक्त्यावर ठेवलें होतें. कांचेखालीं पुढें जमीन खोल गेल्याचा भास होत असे. पलीकडे आई उभी. ज्या एकोणीस मुलांच्या आयांनीं हसरा चेहरा ठेवला, त्यांपैकीं चौदा मुलें तो भास ओलांडून आईकडे गेलीं. ज्या सतरांच्या आयांनीं भ्यालेला चेहरा केला, त्यांपैकीं एकही पुढें सरकलें नाहीं. ज्या वयांत मुलाला वाक्य बोलतां येत नाहीं, त्या वयांत तें माणसाचें तोंड वाचूं शकतें. यावरून दुसरी एक गोष्ट निघते. वादळांत ज्या आजीचें छप्पर उडालें तिचें स्वतःचें भय गेलेलें नसेल, तर नातवाचें कसें जाणार? म्हणून मुलाच्या भयाचा उपचार करणारानें आजीची कथाही तितक्याच शांतपणें ऐकून घ्यावी लागते.

आतां हट्टी व आक्रस्ताळ्या मुलाकडे वळूं. ओरेगॉन येथील जेरल्ड पॅटरसन ह्या संशोधकानें कुटुंबांच्या घरीं जाऊन, आईबापांचें व मुलांचें वागणें क्षणाक्षणाला टिपून ठेवलें. त्याला जें आढळलें तें मालवणांतही कोणाच्याही स्वयंपाकघरांत दिसेल. आई म्हणते, ‘मोबाईल खालीं ठेव.’ मूल किंचाळतें. आई ओरडते. मूल लोळण घेतें. शेजारीपाजारी डोकावूं लागतात, आणि आई थकून म्हणते, ‘घे बाबा, बघ!’ त्या क्षणीं घर शांत होतें. पण त्या शांततेंत दोघेही एकेक धडा शिकलेले असतात. पुरेसें किंचाळलें कीं इच्छा पुरी होते, हा मुलाचा धडा. आणि माघार घेतली कीं त्रास थांबतो, हा आईचा. दोघांपैकीं कोणीही दुष्ट नाहीं. परंतु उद्यांचें किंचाळणें आजच्यापेक्षां मोठें असणार. घरांत आजी, आई व सुटीवर आलेला बाप असे तीन न्यायाधीश असले, आणि एकानें नाकारलेली वस्तु दुसरा गुपचूप देत असला, तर हा धडा अधिकच पक्का होतो.

ह्या गांठीवर जे उपचार निघाले त्यांत मुलाला एकट्याला खोलींत बोलावून उपदेश करीत नाहींत. शीला आयबर्ग यांनीं १९७० नंतरच्या दशकांत बसविलेल्या पद्धतींत आई व मूल एका खोलींत खेळत असतात, उपचारक आरशाआडून पाहत असतो, आणि आईच्या कानांत बसविलेल्या लहानशा यंत्रावाटे तिला त्या त्या क्षणीं सुचवीत असतो. पहिल्या भागांत आई केवळ मुलाच्या खेळामागें जाते. प्रश्न नाहींत, आज्ञा नाहींत, चुका काढणें नाहीं. मूल करतें त्याचें वर्णन करावयाचें आणि चांगल्या गोष्टीची नेमकी प्रशंसा करावयाची. ‘शहाणा आहेस’ ह्यापेक्षां ‘ताट स्वतः उचललेंस, छान केलेंस’ हें मुलाला अधिक कळतें. दुसऱ्या भागांत आज्ञा देण्याची रीत शिकवितात: आज्ञा एका वेळीं एकच, स्पष्ट आणि शांत आवाजांत, ती पाळल्यास लगेच कौतुक, न पाळल्यास आधींच ठरलेला सौम्य परिणाम, आणि तो रोज तोच. कानांतलें यंत्र नसलें तरी घरांत ह्यांतलें पुष्कळ करतां येतें. दिवसांतून पांच-दहा मिनिटें मूल नेईल त्या खेळांत त्याच्याबरोबर जाणें, आणि आजी, आई व बाप यांनीं बसून चारच नियम एकमतानें ठरविणें, एवढ्यापासून आरंभ होऊं शकतो.

छडीविषयींही येथेंच सांगितलें पाहिजे. छडीनें किंचाळणें त्या घटकेला थांबतें. परंतु मूल त्यांतून शिकतें तें हें, कीं जो बलवान् त्यानें मारावें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोन्हींना मनाई केलेली आहे. शिक्षकही दिवसाचे कांहीं तास सांभाळणाराच असतो. त्याच्या हाताला जें वर्ज्य तें घरच्या हातालाही शोभत नाहीं.

तिसरा प्रकार अधिक नाजूक आहे, आणि त्यांत दोष देण्याच्या वृत्तीनें सर्वांत मोठी हानि केली आहे. कांहीं मुलें हांकेला ओ देत नाहींत, नजरेला नजर भिडवीत नाहींत, एकच खेळ तासन् तास एकाच रीतीनें खेळतात, आणि बोलणें उशिरा येतें किंवा येतच नाहीं. ह्या अवस्थेस आतां स्वमग्नता म्हणतात. लिओ कॅनर ह्या डॉक्टरानें १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन करून ती जगापुढें मांडली. पुढें कित्येक वर्षें पाश्चात्य विद्वानांत असें मत बळावलें, कीं आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें. ब्रूनो बेटलहाइमच्या १९६७ च्या ग्रंथानें त्या मताला मोठाच प्रसार मिळाला. तें मत खोटें ठरलें. स्वमग्नता मेंदूच्या घडणींतच असते आणि तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा असतो. पण मधल्या काळांत कित्येक आयांनीं आपल्या मुलाच्या दुःखाबरोबर एक खोटा कलंकही वाहिला. आपल्याकडेही ओसरीवरचें तिसरें मत हेंच करीत आलें आहे.

ज्या आईला एके काळीं शास्त्रानें आरोपी केलें, तिलाच नंतरच्या संशोधनानें उपचाराचें मुख्य साधन केलें, आणि ह्याचें उत्तम उदाहरण सिंधुदुर्गाच्या अगदीं शेजारीं घडलें. बांद्यापलीकडे हद्द ओलांडली कीं गोवा लागतो. तेथें १९९६ सालीं संगत नांवाची संस्था स्थापन झाली. ह्या संस्थेनें आणि पाकिस्तानांतील रावळपिंडीच्या कार्यकर्त्यांनीं मिळून, इंग्लंडांत तयार झालेली एक पद्धति आपल्या परिस्थितीस अनुरूप करून घेतली आणि २०१६ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन ते नऊ वर्षांचीं पासष्ट मुलें ह्या प्रयोगांत होतीं. त्यांतील निम्म्यांच्या पालकांना ती पद्धति शिकविली. उरलेल्यांचा नेहमींचाच उपचार चालूं ठेवला.

पद्धति अशी. पंधरा दिवसांनीं एक अशा बारा भेटी. प्रत्येक भेटींत आई व मूल थोडा वेळ खेळतात आणि त्याची चित्रफीत घेतली जाते. मग ती चित्रफीत आई व मार्गदर्शक शेजारीं बसून पाहतात. मार्गदर्शक फीत थांबवून विचारतो, ‘येथें मुलानें काय केलें?’ मूल नुसतें एकदां डब्याकडे पाहून आईकडे वळलेलें असतें. घाईंत तें सुटून गेलें होतें, फितींत दिसतें. हीच त्या मुलाची बोलण्याची रीत आहे, हें आईला उमजतें, आणि पुढच्या खेपेस ती थांबते, वाट पाहते, आणि मुलाच्या त्या पाहण्याला एका लहान शब्दानें उत्तर देते. आईचे दोष दाखविण्यासाठीं ही फीत नसते. तिच्या हातून जें बरें घडलें तेंच अधिक दाखवितात. विशेष म्हणजे हे मार्गदर्शक मोठे पदवीधर डॉक्टर नव्हते. शिक्षण व देखरेख दिलेले साधे कार्यकर्ते होते, आणि गोव्यांत ते घरीं जाऊन हें काम करीत.

फळ काय मिळालें? ज्या आईबापांनीं ही पद्धति शिकून घेतली तीं मुलाच्या कलानें बोलूं लागलीं, आणि मुलें आपण होऊन पालकांशीं संवाद अधिक वेळां सुरू करूं लागलीं. दोन्ही फरक ठळक होते. पण एका मोजमापांत, म्हणजे दोघांनीं मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्यांत, उलट घट दिसली. तीही संशोधकांनीं लपविली नाहीं. स्वमग्नता नाहींशी झाली असें कोणीही म्हटलें नाहीं. जो नाहींशी करण्याचें वचन देतो त्यापासून घरांतल्यांनीं दूर राहावें. आणि मूल हांकेला ओ देत नसेल तर सर्वांत आधीं त्याचे कान तपासावेत. बहिरेपणाला स्वमग्नता समजून वर्षें वायां गेल्यास तीं परत मिळत नाहींत.

आतां शेवटचा, आणि बहुधा सर्वांत उपेक्षित प्रश्न. सांभाळणाराला कोण सांभाळतें? बाळंतपणाच्या आगेमागें कित्येक स्त्रियांना विषण्णता येते. रडूं येतें, झोंप उडते, बाळाला घ्यावेसें वाटत नाहीं. घरांत त्याला ‘नाटकें’ म्हणतात. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत नऊशेंहून अधिक अशा मातांवर एक प्रयोग झाला, तो २००८ सालीं प्रसिद्ध आहे. गांवांतल्या आरोग्यसेविकांना थोडें शिक्षण दिलें. त्या घरोघर जाऊन मातेच्या मनांतील निराशेचे विचार ओळखणें, त्यांच्या जागीं उपयुक्त विचार आणणें आणि बाळाशीं खेळणें हें शिकवूं लागल्या. सहा महिन्यांनीं ह्या मातांपैकीं शेंकडा २३ विषण्ण राहिल्या होत्या. ज्यांच्याकडे नुसत्याच भेटी दिल्या त्यांच्यांत शेंकडा ५३. शिवाय पहिल्या घरांत बाळांना जुलाब कमी झाले, लसी अधिक टोंचल्या गेल्या, आणि आईच नव्हे तर बापही बाळाशीं अधिक खेळूं लागले. बाळाला औषधाचा एक थेंबही न देतां त्याची प्रकृति सुधारली, कारण आईचें मन सुधारलें. गोव्यांत ह्याच पद्धतीचा प्रयोग शेजारच्याच अनुभवी स्त्रियांकडून करविला. २८० गर्भवती स्त्रियांच्या त्या प्रयोगाचा लाभ माफक होता, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. माफक असला तरी तो शेजारणीच्या हातून मिळाला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

मालवणच्या माणसानें जावें कोठें? अंगणवाडींत व शाळेंत मुलांची तपासणी करण्याचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. तपासणीचें पथक येईल त्या दिवशीं मुलाच्या बोलण्याविषयीं, वागण्याविषयीं जी शंका असेल ती आईनें न लाजतां सांगावी. सिंधुदुर्ग जिल्ह्याचें ठाणें ओरोस. तेथील शासकीय रुग्णालयांत प्रथम चौकशी करावी. २०२२ पासून टेलिमानस ह्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर दिवसारात्रीं विनामूल्य बोलतां येतें. मूल संकटांत असेल, त्याला कोणी छळत असेल, तर १०९८ हा क्रमांक. देवाला गाऱ्हाणें घालावयाचें असेल तर अवश्य घालावें. त्यानें घरांतल्यांच्या मनाला धीर येत असेल तर तो धीरही मुलापर्यंत पोंचतो. मात्र गाऱ्हाण्याचा नारळ ठेवल्यावर ओरोसची बस चुकवूं नये.

राहिली घरांतल्या इतर माणसांची गोष्ट. मुंबईहून दूरध्वनि करणारा बाप पहिला प्रश्न बहुधा असा विचारतो, ‘पोर त्रास देत नाहीं ना?’ त्याआधीं त्यानें आपल्या आईस, ‘तूं जेवलीस का? रात्रीं झोंप लागली का?’ असें विचारावें. शेजारणीनें सल्ला देण्याऐवजीं आठवड्यांतून दोन वेळां मुलाला तासभर आपल्या अंगणांत खेळवावें, म्हणजे तेवढा वेळ त्या आजीला पाठ टेकतां येईल. सणाला गांवीं आलेल्या आत्यांनीं व काकांनीं मुलाच्या आईस चार लोकांत शिकवणी देऊं नये. ह्या गोष्टींना पैसा लागत नाहीं, तज्ज्ञ लागत नाहीं. आणि ज्या घरांत ह्या घडतात, तेथें तज्ज्ञानें पेरलेलें उगवतें.